जाळीतली वनराजा अचानक का मेली? आर्वी तालुक्यातलं एक प्रकरण

कोंबडी वनराजा वाणाची, साधारण चौदा महिन्यांची, अंड्यावर असलेली. गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं. सप्टेंबर संपत आला होता. सकाळी आठला तिने बाकीच्यांसोबत दाणे टिपले. नऊच्या सुमारास अंडं द्यायला टोपल्यात जाऊन बसली. दहाला घरधनीण अंडं काढायला गेली, तर कोंबडी टोपल्याच्या बाहेर आडवी पडून मेलेली. पंख पसरलेले, मान सरळ. आदल्या दिवशीही तिने अंडं दिलं होतं. घरात अशा नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. बाकी सगळे ठणठणीत.

एका कोंबडीवर एवढं लिहायचं कारण सांगतो. ती पशुवैद्यकीय दवाखान्यात माझ्यासमोर टेबलावर येईपर्यंत गावात तिच्या मरणाची चार कारणं पक्की झाली होती. घरमालकाचं म्हणणं, शेजारच्या वावरात काल कपाशीवर फवारणी झाली, त्या विषानं गेली. सासूबाई म्हणाल्या, साप डसला. मोबाईल पाहणाऱ्या पोरांनी बर्ड फ्लू ठरवला. गल्लीतल्या बाया म्हणत होत्या, मर आली, उरलेल्या आजच्या आज विकून मोकळ्या व्हा. यातलं कुणीही उगाच बोलत नव्हतं, प्रत्येकाच्या बोलण्यामागे काहीतरी पाहिलेलं, भोगलेलं होतं. पण विष म्हटलं की धुऱ्याला धुरा लागलेल्या शेजाऱ्याशी वैर. मर म्हटलं की अंड्यावरच्या आठ कोंबड्या पडेल भावात बाजारात, आणि ती खरोखर मर असेल तर त्याच बाजारातून ती आणखी दहा गावांत. कारण चुकीचं धरलं तर नुकसान एका कोंबडीवर थांबत नाही.

हे प्रकरण उलगडलं त्याचं अर्धं श्रेय गावातल्या पशुसखीचं, म्हणजे जनावरांची प्राथमिक काळजी घ्यायला शिकलेल्या गावातल्याच बाईचं. तिने कोंबडी सोलू दिली नाही, उकिरड्यावर फेकू दिली नाही. ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, घरधनिणीला सोबत घेऊन ती दुपारच्या आत दवाखान्यात आली. आपल्याकडच्या उन्हात मेलेली कोंबडी चार-पाच तास तशीच राहिली की आतडी फुगतात, यकृत हिरवट पडतं, आणि मग सगळं बिघडलेलंच दिसतं. काय आजाराने बिघडलं आणि काय सडून बिघडलं, हे सांगणं अवघड होऊन बसतं. फ्रीजरमध्येही ठेवू नये. गोठलं की आतल्या पेशी फाटतात. बर्फाची पिशवी बाहेरून लावून, सावलीत, जमेल तितक्या लवकर आणणं हेच बरं.

विचारपूस

मेलेल्या कोंबडीपेक्षा जिवंत माणसांकडून जास्त कळतं, म्हणून आधी बसून विचारलं.

नवीन पक्षी आणला होता का? नाही. आठवडी बाजारातून आणलेली एक कोंबडी किंवा पाहुण्याने भेट दिलेला कोंबडा, याच वाटेने मानमोडी, म्हणजे राणीखेत, घरात शिरते. लस? पिल्लं असताना पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात टाकलेली, आठव्या आठवड्यात आर-टू-बीची सुई, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा सुई. सगळं पशुसखीच्या वहीत तारखेनिशी लिहिलेलं. आसपास कावळे, बगळे, पारवे मेलेले दिसले का? नाही. गावात इतरांच्या कोंबड्या? व्यवस्थित.

मग फवारणी. शेजारच्या वावरात काल संध्याकाळी पंप चालला हे खरं. पण कोंबड्या तिकडे गेल्या होत्या का? यावर घरधनीण ताई म्हणाल्या, "जातीन कशा जी? मिरगापासून जाळीतच हायेत त्या."

इथे मी लिहिणं थांबवलं आणि जाळीची सगळी हकीकत विचारली.

जूनमध्ये पेरणी लागली तेव्हा कोंबड्या मोकळ्या होत्या. बीजप्रक्रिया केलेलं गुलाबी बियाणं सरीत पडलेलं असतं, ते टिपलं की कोंबडी जाते, शिवाय शेजाऱ्याचं डोबलेलं बियाणं उकरलं तर भांडण वेगळं. म्हणून त्यांनी घरामागे चार बांबू रोवून, जुनी जाळी लावून वाडा केला. दहा बाय आठ फुटांचा. पुढे जुलैपासून कपाशी-सोयाबीनवर फवारे सुरू झाले, तेव्हा त्यांनी वाडा उघडलाच नाही. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर आपल्या भागात फवारणीची धास्ती मनात बसली आहे आणि ती रास्त आहे. पक्ष्यांना जाळीत ठेवण्याचा त्यांचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

आता त्या जाळीत त्या काय खात होत्या? सकाळी मका, "ओंजळभर, कधी दोन". दुपारी उरलेला भात, भाकरीचे तुकडे. संध्याकाळी तांदळाची कणी किंवा पुन्हा मका. मोकळ्या होत्या तेव्हा दाणा थोडाच टाकत असत. जाळीत घातल्यावर "बिचाऱ्या कोंडून हायेत" म्हणून वाढवला. हिरवा पाला जवळजवळ नाही. सरकीची ढेप खात होत्या का, हेही विचारलं, कारण जनावरांच्या गव्हाणीजवळ कोंबड्या ढेप टिपतात आणि त्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकामुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. तसं काही नव्हतं. अंडी मोठी, कवच चांगलं. मेलेली कोंबडी तर सगळ्यात जास्त अंडी देणारी. सगळ्यात वजनदारही तीच. घरात तिला "पाटलीण" म्हणत.

चांगली खाणारी, चांगली अंडी देणारी, सगळ्यात जाड कोंबडी आजारी न पडता मेली. हे ऐकल्यावर एक शंका मनात आली होती, पण शंकेवर पंचनामा होत नाही.

बाहेरून जे दिसलं

वजन 3 किलो 400 ग्रॅम. वनराजा मूळ हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसबागेसाठी तयार केलेला वाण. देशी कोंबडीपेक्षा अंगाने भारी आणि अंडीही वर्षाला शंभराच्या आसपास, देशीच्या जवळपास दुप्पट. पण ही कोंबडी खायला मिळालं तर खातच जाते. अंड्यावरच्या मादीला अडीच-पावणेतीन किलो पुरे. साडेतीनच्या घरात गेलेली कोंबडी दिसायला तब्येतदार वाटते, प्रत्यक्षात ती ओझं वाहत असते.

तुरा आणि गलोल, म्हणजे चोचीखाली लोंबणाऱ्या पाळ्या, पांढरेफटक. पापण्यांची आतली बाजू पांढरी, चोचीच्या आतली कातडीही तशीच. या प्रकरणातली सगळ्यात बोलकी खूण हीच. कीटकनाशकाने, पटकीने (कोंबड्यांच्या कॉलऱ्याने), बर्ड फ्लूने किंवा गुदमरून मेलेल्या कोंबडीचा तुरा बहुतेक वेळा निळा-जांभळा पडतो. पांढरा तुरा म्हणजे रक्त अंगाबाहेर गेलं, किंवा अंगातच भलतीकडे गेलं. बाहेर जखम नव्हती. पिसांना रक्त लागलेलं नव्हतं. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसवा, गोचीड, लिखा शोधल्या. रक्त पिणाऱ्या किड्यांनीही कोंबडी पांढरी पडते, पण ती आधी वाळते, आणि ही तर भरलेली होती. किडे किरकोळ होते.

तोंडातून लाळ नाही, नाकात चिकट पाणी नाही, शेपटीखाली हिरवी शीट लागलेली नाही. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषाने मेलेल्या कोंबडीच्या तोंडाला बहुधा लाळ असते, विष्ठा पातळ सुटलेली असते, आणि मरण्यापूर्वी ती थरथरते, लोळते, झटके देते. त्यातला काही भाग कुणाच्या तरी नजरेस पडतो. पायांवर, चेहऱ्यावर सूज नव्हती, नळीवर लाल डाग नव्हते. सापासाठी पायाची, छातीची, मांडीची पिसं बाजूला करून कातडी पाहिली. दात उमटलेले दिसतीलच असं नाही, पण चावल्या जागी कातडीखाली काळपट, पाणचट सूज येते. ती कुठेच नव्हती. सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी "बरं झालं बाप्पा" म्हटलं, कारण त्यांना काळजी घरातल्या लेकरांची होती.

उघडण्याआधी एक गोष्ट सांगणं भाग आहे. प्रत्येक मेलेली कोंबडी उघडायची नसते. एकाच वेळी अनेक पक्षी पटापट मरत असतील, चेहरे सुजले असतील, तुरे जांभळे पडले असतील, गावात कावळे-बगळे मरत असतील, तर घरी चाकू लावायचा नाही, सोलायचं नाही, मांजर-कुत्र्यापुढे टाकायचं नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं किंवा 1962 वर फोन करायचा. अशा वेळी नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेपर्यंत जातात. देशात पाळीव कोंबड्यांत बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, 2006 मध्ये. आणि नागपूरच्या गोरेवाड्यात 2024 च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. त्यामुळे पोरांची भीती मी हसण्यावारी नेली नाही. पण इथे एकच पक्षी मेला होता, बाकीचे खात-पीत होते, चेहऱ्यावर-पायांवर काही नव्हतं, तुरा पांढरा होता. हातमोजे आणि मास्क घालून, पिसं साबणाच्या पाण्यात भिजवून, म्हणजे धूळ उडणार नाही अशी, कोंबडी उघडली.

आत

कातडी बाजूला केली आणि पोटावर बोटभर जाडीची पिवळी चरबी लागली. कोंबड्याच्या बाजाराला नेली असती तर खाटकाने खूश होऊन घेतली असती. तो थर कापून पोटाचा पडदा उघडला तसं काळपट लाल, थिजलेलं रक्त वर आलं. पोटाची सगळी पोकळी त्याने भरलेली. गुठळी सलग होती, यकृतावर टोपी घातल्यासारखी बसलेली. तीन किलोच्या कोंबडीच्या अंगात साधारण दोनशे मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं निम्म्याहून जास्त इथे होतं.

गुठळी हळूहळू उचलून बाजूला केली. खाली यकृत, म्हणजे आपण कलेजी म्हणतो ते. निरोगी कलेजी गडद तांबूस, कडा धारदार, बोटाने दाबली तर दाब सहन करणारी. ही पिवळट, फुगलेली, कडा गोल झालेल्या. बोट टेकवलं की आत शिरत होतं. वजन शंभर ग्रॅमच्या वर भरलं. एवढ्या कोंबडीत साठ-सत्तरच्या आसपास भरायला हवं होतं. उजव्या भागावर दीड-दोन सेंटीमीटरची फाट, कडा ताज्या रक्ताने माखलेल्या.

आणि त्या फाटीच्या शेजारी, यकृताच्या पातळ वेष्टणाखाली, मुगाएवढे चार-पाच डाग. काही गडद लाल, काही तपकिरी, एक हिरवट. मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटलं. हिरवट-तपकिरी डाग म्हणजे जुनं, मुरलेलं रक्त. त्या सकाळी जे मोठ्या प्रमाणावर झालं, ते आधी काही आठवडे बारीक प्रमाणावर होत होतं. यकृत थोडं थोडं फाटत होतं, आतल्या आत थांबत होतं, आणि कोंबडी अंडी देतच होती.

बाकीचं पाहणंही तितकंच गरजेचं होतं. एक कारण सापडलं की हात थांबतो, आणि दुसरं राहून जातं. गळ्याची थैली कापून बशीत रिकामी केली. मका, कणी, थोडा भात, दोन खडे. गुलाबी किंवा निळा दाणा एकही नाही, काळे-राखी दाणेदार औषध नाही, कीटकनाशकाचा वास नाही. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर 2020 च्या अखेरीस बंदी आली, तरी जुन्या पुड्या कुठल्यातरी फळीवर सापडतात, म्हणून मी दरवेळी थैली हुंगतो आणि दाणा-दाणा वेगळा करतो. ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. थैली समोर रिकामी झाली तेव्हा शेजाऱ्यावरचा संशय तिथेच संपला, आणि माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम तेच झालं. विषाची खात्रीलायक तपासणी खर्चाची आणि वेळखाऊ असते, पण थैलीत फक्त घरचा मका दिसला तरी माणूस भांडायला निघण्याआधी थांबतो.

पोट्याच्या आधीचं ग्रंथींचं जठर उघडलं. राणीखेतमध्ये त्या ग्रंथींच्या टोकांवर रक्ताचे ठिपके दिसतात. स्वच्छ होतं. श्वासनळी कोरडी. हृदयावरच्या चरबीवर पटकीचे टाचणीएवढे लाल ठिपके नाहीत. प्लीहा नेहमीएवढी. आतड्यात दोन-चार गोल जंत, तेवढे परसातल्या कोंबडीत असतातच. अंडाशयावर लहान-मोठ्या पिवळ्या बलकांची रांग, आणि गर्भाशयात पूर्ण कवच चढलेलं एक अंडं, बाहेर पडायच्या तयारीत. अंडं अडकलं होतं का? नाही. अंडनलिकेला सूज नव्हती, अंड्याचा आकार नेहमीचा, जागाही बरोबर. ती ते द्यायलाच टोपल्यात बसली होती.

यकृताचा एक तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालून प्रयोगशाळेत पाठवला. पुढे अहवाल आला तो याच्याशी जुळणारा होता: यकृताच्या पेशी चरबीच्या थेंबांनी फुगलेल्या, मधेमधे जुना आणि नवा रक्तस्राव. याला चरबीयुक्त यकृताचा रक्तस्राव म्हणतात. पिंजऱ्यातल्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांत हा आजार नेहमीचा. परसात कमी दिसतो, कारण परसातली कोंबडी दिवसभर हिंडते.

यकृत कशाने फाटलं

डुकरात जास्तीच्या खाण्याची चरबी मोठ्या प्रमाणावर चरबीच्या पेशींतच तयार होते. पक्ष्यात तो कारखाना यकृतात आहे. कोंबडीने खाल्लेल्या पिठुळ खाण्याची चरबी यकृत बनवतं आणि तिथून ती बाहेर पाठवतं, अंगावर साठवायला आणि बलकात भरायला. अंड्यावरच्या मादीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेलं असतं, आणि ते यकृताला आणखी चरबी बनवायला लावतं. म्हणून जास्त अंडी देणारी कोंबडी या आजाराला जास्त बळी पडते. कोंबडा याने सहसा मरत नाही.

बनलेली चरबी यकृतातून बाहेर काढायला प्रथिनं लागतात, कोलिन आणि मेथिओनिन ही पोषकद्रव्यं लागतात. मक्यात ऊर्जा भरपूर, किलोला सुमारे 3300 किलोकॅलरी, पण प्रथिनं फक्त आठ-नऊ टक्के. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-सतरा टक्के प्रथिनांचं खाणं हवं. भात-कणीतही तीच गत. कोंबडीला प्रथिनांची भूक असते, ती मका खात राहते, पोट भरून वर भरतं, आणि चरबी यकृतात साचत जाते. मोकळी असताना हीच कोंबडी उकिरडा उकरते, उधई टिपते, अळ्या-नाकतोडे धरते, तरोट्याचा कोवळा पाला ओरबाडते. तिचं प्रथिन तिथून येतं आणि खाल्लेलं त्या धावपळीत खर्च होतं. जाळी लागली त्या दिवशी हे दोन्ही बंद झालं, आणि मका मात्र वाढला.

चरबीने भरलेलं यकृत ठिसूळ असतं. मग एखादी ढकल पुरते. अंडं देताना कोंबडी कण्हते, पोटाचे स्नायू आवळते, तेवढ्यानेही फाटतं. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस उघडतो आणि दमट ऊन तापतं, त्यात जाड कोंबडी आणखी धापा टाकते. त्या दिवशी सकाळी एक भटकं कुत्रं जाळीला येऊन धडकलं होतं आणि सगळ्या कोंबड्या फडफडल्या, हे ताईंना नंतर आठवलं. या तिघांपैकी कशाने फाटलं हे ठरवून सांगता येणार नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. फाटायला यकृत तयार होतं.

सगळं ऐकून ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच मारली म्हना ना तिले, खाऊ घालू घालू."

मी त्यांना सांगितलं ते मनापासून. कोंबड्या कोंडल्या नसत्या तर पेरणीतच दोन-तीन गेल्या असत्या. कोंडल्यावर खाणं बदलायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पिल्लं वाटताना लसीचं वेळापत्रक हातात दिलं जातं, खाण्याचं मात्र "घरचा दाणा टाका" एवढ्यावर भागवलं जातं. देशी कोंबडीला ते चालतं, कारण ती दाण्यावर जगतच नाही. वनराजासारख्या भारी वाणाला ते चालत नाही, आणि हे सांगणं आमच्याकडच्या लोकांचं काम आहे.

एक धागा शिल्लक होता. मक्याचं पोतं कुठे ठेवता? जमिनीवर, भिंतीला टेकून. पशुसखीने दुसऱ्या दिवशी तळचा मका पसरून फोटो पाठवला: काही दाण्यांवर हिरवी-पिवळी बुरशी. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषानेही यकृत पिवळं आणि ठिसूळ होतं. दोघांनी हात मिळवले असणं शक्य आहे. तळचा मका खड्ड्यात पुरायला लावला, गुरांनाही न घालता, आणि पोतं फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवायला सांगितलं.

उरलेल्या आठ

त्याच आठवड्यात घरी जाऊन आठही कोंबड्या लटकत्या काट्यावर वजन केल्या. तीन कोंबड्या 3 किलोच्या वर होत्या. शेपटीखाली, दोन हाडांच्या मधे बोटं ठेवून पोट चाचपलं की चरबीचा गुबगुबीत गोळा हाताला लागतो, तो या तिघींत होता. बाकी पाच बऱ्या. ताईंना आणि पशुसखीला दोघींना हात लावून पाहायला लावलं, कारण वजनकाटा दरवेळी सापडत नाही, बोटं सोबत असतात.

खाण्याचं असं ठरलं. उपाशी मारायचं नाही. जाड कोंबडीचं खाणं एकदम तोडलं तर अंगावरची चरबी यकृताकडेच धाव घेते. मका दोन आठवड्यांत निम्म्यावर आणायचा. त्याच्या जागी तूरचुनी आणि गव्हाचा कोंडा, आणि प्रथिनांसाठी सोयाबीनची तेल काढलेली ढेप, बाजारात जिला डीओसी म्हणतात ती. घरचं कच्चं सोयाबीन तसंच घालायचं नाही, त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. भाजून, भरडून, थोडं चालेल. दररोज मूठभर शेवग्याचा पाला किंवा मेथी-चवळीची देठं उंचावर बांधून, म्हणजे उड्या मारून खातील. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. दिवसाचं सगळं खाणं मिळून एका कोंबडीला 110 ग्रॅमच्या आसपास, आणि त्यासाठी घरातलं एक छोटं भांडं ठरवून घेतलं, ओंजळ बंद. मोकळ्या सुटल्या की निम्म्याहून कमी पुरेल.

दाणा भांड्यात न घालता जाळीत तणीस पसरून त्यात फेकायचा. उकरत बसतील, तेवढाच व्यायाम. आणि शेजाऱ्याशी बोलून एक वेळ ठरवली: ज्या दिवशी फवारणी नाही, त्या दिवशी संध्याकाळी दिवस मावळायच्या दोन तास आधी कोंबड्या घरापुढच्या अंगणात सोडायच्या, पोरं लक्ष ठेवतील. अंधार पडू लागला की त्या आपसूक आत येतात. शेजारी लगेच तयार झाला. त्याच्या कानावर काय आलं होतं ते त्याला माहीत होतं, आणि थैलीतून काय निघालं तेही. तिघी जाड कोंबड्यांना पाण्यातून कोलिन आणि ई जीवनसत्त्व असलेलं यकृताचं औषध दिलं. त्याने किती फरक पडतो याबद्दल मी फार मोठं बोलणार नाही. खाणं आणि हिंडणं सुधारलं तरच त्याला अर्थ.

एक गोष्ट तेव्हाच सांगून ठेवली होती: यकृत आठ दिवसांत सुधारत नाही, तिघींपैकी एखादी आणखी जाऊ शकते. दसऱ्यानंतर तसं झालंच. त्यातली सगळ्यात भारी सकाळी खुराड्यात मेलेली सापडली, तुरा पांढरा. या वेळी गल्लीत कुणी मर म्हटलं नाही, कुणी विकायचं बोललं नाही. पशुसखीने ती आणली, उघडली, आत तेच: चरबी, गुठळी, पिवळं यकृत. फाट लहान होती, आणि अंगावरची चरबी पहिलीपेक्षा कमी.

त्यानंतर मरणं थांबलं. ऑक्टोबरात अंडी बरीच कमी झाली, मका कमी झाल्याचा तो परिणाम असतो, आणि ताईंनी दोन वेळा फोन करून काळजीने विचारलं. नोव्हेंबरच्या मध्यापासून अंडी परत वाढली. कापूस वेचणी सुरू झाली, फवारे बंद झाले, तशा कोंबड्या दिवसभर मोकळ्या सुटू लागल्या. संक्रांतीच्या सुमारास पुन्हा वजन केलं तेव्हा सातही 2 किलो 900 ग्रॅमच्या खाली होत्या आणि उरलेल्या दोन जाड्यांच्या पोटातला गोळा हाताला जाणवण्याइतका राहिला नव्हता.

पुढच्या मृगाला त्या पुन्हा जाळीत जातील, त्याला इलाज नाही. मात्र जाळी या वेळी परसाच्या कुंपणापर्यंत वाढवायची ठरली आहे, आत शेवग्याच्या दोन फांद्या रोवून झाल्यात. दाण्याचं भांडं खुंटीला टांगलेलं आहे आणि पशुसखीच्या वहीत लसीच्या रकान्याशेजारी आता वजनाचा रकाना आहे.